अर्ध्या गॅलनचं माप

मी अर्ध्या गॅलनचं पत्र्याचं माप बोलतोय. खरं तर मला बोलायला तोंड नाही, पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खडेबाजारातल्या पत्रेवाल्यानं मला ठोकून घडवलं आणि मी लष्करी कॅम्पातल्या मोटार गॅरेजात आलो. तेल मोजा, पाणी मोजा, थेंबाचा फरक पडायचा नाही. फार तोरा होता मला!

सदतीस सालच्या हिवाळ्यात एका गोऱ्या साहेबाची क्वेट्ट्याला बदली झाली. मोटार रेल्वेनं जाणार, सोबत ड्रायव्हर केदारी. तिथल्या थंडीत इंजिनातलं पाणी गोठतं, फुगतं आणि इंजिन फोडतं. म्हणून दोन मापं ग्लिसरीन आणि दोन मापं पाणी असं न गोठणारं मिश्रण इथूनच डब्यात भरून न्यायचं ठरलं. काम आलं गॅरेजातल्या बसवंतकडं, केदारीच्या जिवाभावाच्या दोस्ताकडं.

बसवंतची बायको चंपाबाई शहापुरात एका हातमागवाल्याकडं विणायच्या रेशमाच्या कांड्या भरायची. थंडीनं तिची बोटं उलली होती. भेगांत रेशीम अडकून तुटायचं. मालकानं बजावलं होतं, पुन्हा तुटलं तर येऊ नकोस.

ग्लिसरीननं भेगा भरतात, हे बसवंतला ठाऊक होतं. त्यानं डब्यात ग्लिसरीन एकच माप ओतलं, पाणी तीन. उरलेलं एक माप माझ्यातच भरून, पंच्याखाली झाकून घरी आणलं.

"पानी कवा दगडागत हुतंय व्हय?" तो स्वतःशीच पुटपुटला.

आठवड्यात चंपाबाईची बोटं मऊ झाली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

दोन महिन्यांनी केदारी दारात उभा राहिला. क्वेट्ट्यात इंजिन तडकलं होतं, त्याची नोकरी गेली होती.

"साहेब म्हनला, तूच पानी वाढवलंस. माझंच कायतरी चुकलं असंल रं, बसवंता."

केदारीचे फाटलेले हात बघून चंपाबाईनं मला पुढं सरकवलं.

"अण्णा, ह्ये लावा. ह्यांनी गॅरेजातनं आणलंय. लई गुण हाय."

केदारीनं मला ओळखलं. आत उरलेलं ग्लिसरीन वाकून बघितलं, मग बसवंतकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे, वैनी. तुमच्या कामाला लागंल," एवढंच म्हणाला आणि चहा न घेताच गेला. त्या दिवशी मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता चंपाबाई माझ्यानं तांदूळ मोजते. केदारी निपाणीत तंबाखूची पोती उचलतो. बसवंत अजून गप्पच आहे.

बसवंता, मी साधा पत्रा, तरी आज बोललो. तुला तर देवानं तोंड दिलंय. निपाणी काय लांब आहे? जा ना रे एकदा.