गच्चीवरचा पिंजरा

"आदित्यच्या अंगणात पण आहे अशी जाळी. स्टीलची आहे त्याची," सुरुची म्हणाली आणि पाय धुवायला मोरीत गेली.

रत्नाकर हातात पकड घेऊन गच्चीच्या दारातच उभा राहिला. सहा दिवस राबून त्याने तो पिंजरा उभा केला होता. वडिलांच्या दोन लोखंडी खाटांच्या चौकटी, मोडक्या दाराची जाळी, बांधायला जुनी तार. विकत आणले ते फक्त करवतीचे पाते. आत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मेथी, कोथिंबीर आणि बायकोला हवी होती म्हणून मिरची. बनारसमधल्या मंगला गौरी मंदिराजवळच्या त्या गल्लीत माकडांपुढे कुणाचे काही चालत नसे. हिरवे पान दिसले की टोळी हजर. आता माकडे बाहेर आणि मेथी आत. एवढे करून ऐकायला काय मिळाले, तर आदित्य.

आठ महिन्यांपूर्वी हॉटेलने सामानाची नोंद ठेवायला यंत्र आणले आणि बावन्नाव्या वर्षी स्टोअरकीपर रत्नाकर घरी बसला. बसला म्हणायचे एवढेच. नळाचे वायसर बदल, खिडक्या रंगव, मोडक्या कपाटाचे बाक कर, असे त्याचे दिवसभर चाललेले असे. सुरुची मात्र बालाजी घाटाजवळच्या आदित्यच्या गेस्ट हाऊसवर सकाळचा नाश्ता करायला जाऊ लागली आणि घरात आदित्यपुराण सुरू झाले. आदित्य म्हणतो, काकूंच्या हाताला चव आहे. आदित्यने नवा मिक्सर आणला. पस्तिशीचे ते पोर, पण त्याच्या नावाने रत्नाकरच्या अंगाचा तिळपापड होई. बायकोवर त्याचा संशय नव्हता, तसले काही नव्हते. तिचा थकवा तेवढा घरी येतो आणि हसणे तिकडेच राहते, हे त्याला सोसत नव्हते.

दोन आठवड्यांनी मंगळवारी दुपारी आदित्य स्वतःच गच्चीवर आला. पिंजऱ्याभोवती दोनदा फिरला, चौकट धरून हलवून पाहिली.

"काका, मान गए. वेल्डिंग नाही आणि हलत पण नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या छतावर गेस्टला नाश्ता दिला की बंदर प्लेटच उचलून नेतात. मला पण असाच बनवून द्या ना, पूरी छत का. मजुरी तुम्ही म्हणाल ती."

मजुरी हा शब्द रत्नाकरला झोंबला.

"मी मिस्त्री नाही," तो म्हणाला. "दुसरा कोणी बघ."

आदित्यने एकदा सुरुचीकडे पाहिले, चहा संपवला आणि नमस्कार करून गेला.

"आठ दिवस त्याच्या मागे लागले होते मी," कप उचलताना सुरुची म्हणाली. "एकदा येऊन आमच्या ह्यांचा हात बघ म्हटलं. असं काम बनारसमध्ये कोणी करत नाही म्हटलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर जिना चढू दिला असता त्याला?"

रत्नाकरला वेगळेच खुपत होते. आपले कौतुकसुद्धा तिने आधी आदित्यपाशीच केले.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्याने करवत, पकड आणि मापाची टेप पिशवीत घातली आणि गेस्ट हाऊसच्या मागच्या दाराने आत शिरला. "आइए काका," आदित्य एवढेच म्हणाला. कालचा विषय त्याने काढला नाही, याचाही रत्नाकरला रागच आला. स्वयंपाकघराचे दार उघडे होते. कोणी बंगाली बाई रिकामी प्लेट दाखवून सुरुचीला काही सांगत होती आणि सुरुची तोंडाला पदर लावून हसत होती. ती अशी हसते, हे तो विसरूनच गेला होता. न थांबता तो जिना चढला आणि मापे घेऊ लागला.

दहाच्या सुमारास ती वर आली. पाहुण्यांच्या पांढऱ्या प्लेटमध्ये पोहे, लिंबाची फोड आणि वर ओल्या खोबऱ्याचा कीस. घरी खोबरे केव्हाच बंद झाले होते. रत्नाकरने कठड्याला टेकून खायला सुरुवात केली. प्लेट देऊन ती खाली जाईल असे त्याला वाटले होते, पण ती तिथेच उभी राहिली. रोज पाहुण्यांसमोर ती अशीच उभी राहत असणार. सव्वीस वर्षे तो हे पोहे खात आला होता, आणि खाल्ले की प्लेट खाली ठेवून उठत आला होता.

छान झालेत, एवढेच म्हणायचे होते. पण तो शब्द आदित्यने इतक्या वेळा वापरला होता, की रत्नाकरला तो उष्टा वाटला. त्याने प्लेट पुसून संपवली.

"अजून आहेत का थोडे?"

सुरुचीने चमकून त्याच्याकडे पाहिले. "संपले की. आज गेस्ट जास्त होते." प्लेट हातात घेऊन ती म्हणाली, "उद्या तुमचे आधी काढून ठेवते."

खालून आदित्यने काकू अशी हाक मारली. "आले," ती म्हणाली, पण लगेच निघाली नाही. रत्नाकरच्या मिशीला खोबऱ्याचा कीस लागला होता. तो तिने पदराने पुसला आणि मग ती खाली गेली.