खालचा फोल्डर

हॉस्पिटलमधले लोक तिला कुलूपबाई म्हणत, आणि ते काही लाडानं म्हणत नसत. सर्व्हर तिच्या ताब्यात होता. कुठला फोल्डर कुठल्या कॉम्प्युटरला दिसायचा, कुणी तो नुसता वाचायचा आणि कुणी त्यात लिहायचं, हे सगळं तिच्या हातात. त्याची यादी सर्व्हरवरच्या एका लहानशा फाइलीत असे, जेमतेम वीस ओळींची, आणि त्या वीस ओळींवरून तिचं अर्ध्या हॉस्पिटलशी वाजलं होतं. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा तिनं एकदा स्वच्छ सुनावलं होतं की रिपोर्ट खुशाल वाचा, पण त्यात हात घालू नका. बाई कामाला चोख होती, आणि आपण चोख आहोत हे तिला जरा जास्तच माहीत होतं.

गाठीचे तुकडे जिथे तपासले जात, त्या लॅबमधला कॉम्प्युटर रिपोर्ट स्वतःकडे ठेवत नसे. सर्व्हरवरचा फोल्डर त्याच्यावरच्या एका रिकाम्या फोल्डरवर आणून बसवलेला होता, जमिनीवर सतरंजी अंथरावी तसा. लॅबमध्ये लिहिलेलं त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या नर्सला लगेच दिसायचं. नर्स रोज सकाळी त्यातले वाईट रिपोर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये काढायची आणि त्या त्या माणसाला फोन करायची. चांगल्या रिपोर्टला फोन नाही. एवढ्या माणसांना फोन करत बसायला वेळ कुणाला होता? फोन आला नाही म्हणजे सुटलात, असा तिथला रिवाज. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण दारावरच्या शिपायालाही पाठ होता.

एका मंगळवारी सकाळी लॅबवाल्या बाईंनी कॉम्प्युटर भरल्याची तक्रार केली. कुलूपबाई खाली गेली. मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर काय साठलंय ते नीट बघायचं म्हणून तिनं सर्व्हरचा फोल्डर तात्पुरता सोडवला. म्हणजे सतरंजी उचलली. खाली रिकामा फोल्डर असायला हवा होता. त्यात अकरा फाइली होत्या.

अकराही फाइलींवर तारीख एकच, सात महिन्यांपूर्वीची. ती तारीख तिला आठवत होती, कारण तो दिवस तिनं मोठ्या तोऱ्यात मिरवला होता. सगळे रिपोर्ट एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले असत, ते तिनं तीन फोल्डरमध्ये वाटले, यादी नव्यानं लिहिली आणि सर्व्हर बंद करून चालू केला. सर्व्हर पुरता चालू होण्याआधीच लॅबचा कॉम्प्युटर कुणीतरी चालू केला होता. त्याला सर्व्हर सापडला नाही. त्यानं कुरकुर केली नाही, लाल दिवा दाखवला नाही. गपचूप स्वतःवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहायला लागला. दुपारी दोनला तिनं आपल्या खुर्चीवरूनच फोल्डर जोडला, तोवर लिहिलेल्या अकरा फाइली त्याच्याखाली झाकल्या गेल्या, वर सगळं जागच्या जागी दिसलं, आणि ती जेवायला गेली. सतरंजी अंथरण्याआधी जमीन बघायची असते, हे तिनंच नव्या लोकांना दहा वेळा शिकवलं होतं.

तिनं फाइली उघडल्या. आठ चांगल्या होत्या. तीन वाईट. तिसरीवरचा पेशंट नंबर तिला पाठ होता.

तो नंबर बारकीचा होता. बारकी म्हणजे तिची धाकटी नणंद, शाळांचे गणवेश शिवणारी, बोलायला लागली की समोरच्याला जांभई द्यायलाही उसंत न देणारी. तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा सात महिन्यांपूर्वी त्याच आठवड्यात काढला होता. आठ दिवस बारकीला झोप नव्हती. शेवटी ती वहिनीच्या मागे लागली की तू आतली आहेस, तू बघ. कुणाचं काही न ऐकणाऱ्या कुलूपबाईनं त्या एका दिवशी स्वतःचा नियम मोडला आणि नर्सचा वाईट रिपोर्टांचा फोल्डर उघडला. बारकीचा नंबर त्यात नव्हता. चांगल्यांत तरी आहे का, हे बघायचं तिला सुचलं नाही. जीव भांड्यात पडला होता आणि तिला कधी एकदा सांगते असं झालं होतं. तिनं तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, काही नाहीये, मी स्वतः बघितलं.

आता लॅबवाल्या बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. एक कमांड दिली असती तर फोल्डर पुन्हा झाकला गेला असता, आणि हे कधी कुणाच्या बापालाही कळलं नसतं. हा विचार तिच्या मनात आला, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगला मिनिटभर राहिला. मग तिला स्वतःचीच किळस आली. तिनं अकराही फाइली सर्व्हरवर नेल्या, जुनी तारीख कायम राहील अशा बेतानं नेल्या, आणि जिना चढून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच विचारलं, "फाइलींवर तारीख आजची येऊ शकते का?"

"येऊ शकते," ती म्हणाली. "मी येऊ दिलेली नाही."

मग त्यांनी नर्सला बोलावलं. तिघींतल्या एकीला नर्सनं फोन करू नये, तिला आपण सांगू, एवढंच कुलूपबाईनं मागून घेतलं. नर्सनं उरलेले दोन फोन तिच्यासमोरच केले. एक बाई दुपारी येते म्हणाली. दुसरा फोन मुलानं उचलला. आई दीड महिन्यापूर्वी गेली म्हणाला, आणि आता कशाचा रिपोर्ट म्हणून विचारत राहिला.

बारकीचं दुकान तिथून वीस मिनिटांच्या वाटेवर होतं. कुलूपबाई चालत गेली. वाटेत तिनं चार वाक्यं जुळवली आणि दुकानाच्या पायरीवर चारही विसरली.

बारकी कॉलर कापत होती. वहिनीला भरदुपारी दारात बघून तिनं कात्री खाली ठेवली, कुणाला काय झालं ते विचारलं. कुलूपबाईनं एका दमात सांगून टाकलं. मशीन, सतरंजी, अकरा फाइली. आपण चुकीच्या जागी बघितलं हेही सांगितलं. बारकी मधे एकदाही बोलली नाही, आणि असं आजवर कधी झालं नव्हतं.

"सात महिने," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"दोन महिन्यांपूर्वी काखेत अजून एक गाठ आली होती गं. इथल्या गल्लीतल्या डॉक्टरांनी पुन्हा तुकडा काढायला सांगितला. मी म्हटलं, कशाला, माझी वहिनी तिथेच आहे, तिनं स्वतः बघितलंय." बारकीनं कापलेली कॉलर उलटी करून बघितली. "तेही म्हणाले, मग राहू दे."

कुलूपबाईला वाटलं होतं, ही आता ओरडेल. शिव्या देईल, हातातलं फेकून मारेल. ती त्याच तयारीनं आली होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. बारकीनं नुसता गळ्यातला टेप काढला आणि त्याची नीट गुंडाळी करून खणात ठेवला.

"दादाला सांगितलंस?"

"नाही अजून. आधी इथेच आले."

"मग तू सांगू नकोस. मी सांगते," बारकी म्हणाली. "तू सांगितलंस तर तो तुला आयुष्यभर बोलेल."

कुलूपबाईला हुंदका आवरेना. बारकी उठली, गिऱ्हाईक नको म्हणून तिनं दार लावून घेतलं, आणि उद्या हॉस्पिटलमध्ये किती वाजता यायचं ते विचारलं.