बटाट्याच्या खाचेतलं पान

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा आरसा डागाळलाय, फिरकी कुरकुरते, आणि पडद्याचं नवं यंत्र आल्यापासून मी खिडकीत टोपी घालून बसलेला असतो. असू दे. पण मी जे पाहिलंय ते ऐकाल तर तोंडात बोट घालाल.

आमच्या बाई वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांच्या आईने वारायच्या आधी एका कुंडीत पानफुटीचं रोप लावलं होतं. या औषधी झाडात दडलंय तरी काय, हे शोधायचं बाईंनी मनावर घेतलं. बटाट्याच्या फोडीला खाच पाडायची, पान हलू नये म्हणून त्यात धरायचं आणि वस्तऱ्याने पातळ काप काढायचे. पहिला काप माझ्याखाली आला, आणि काय सांगू! पाण्याने टम्म फुगलेल्या पेशी, त्यांच्यामधून गेलेल्या नळ्या, पानाच्या पाठीवरची श्वास घ्यायची इवली इवली तोंडं. मी तर हरखूनच गेलो. उरलेली पानं वाळवून दळली. त्यांच्या अर्कात मॅग्नेशियम आणि आम्ल पडताच लाली चढली. "फ्लेव्होनॉइड आहे, हेच ते औषधी द्रव्य," म्हणत बाई खुशीत हसल्या.

या नादात कुंडीकडे कोण बघतंय? प्रयोगशाळा सांभाळणारे मामा मायेने रोज पाणी घालत राहिले. पानं खुडून बोडकं झालेलं खोड जास्तीच्या पाण्याने मुळापासून कुजलं.

"एक पान मातीवर टाकलं असतं तरी त्यातून नवं रोप फुटलं असतं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही ठेवलं असेल."

"आणि मला वाटलं, तुम्ही," मामा पुटपुटले.

बाटल्यांत भुकटी होती, काचांवर काप होते, जिवंत पान मात्र एकही नव्हतं.

पुढे काही दिवसांनी मामा टेबल आवरायला लागले, तेव्हा ओल्या फडक्याखाली एक विसरलेली फोड निघाली. "बटाट्याला कोंब फुटलाय. टाकून देतो."

"थांबा हो मामा."

बाईंनी फोड माझ्याखाली सरकवली, वरून दिवा धरला. कोंब बटाट्याचा नव्हताच. खाचेत अडकलेल्या पानाच्या कातरलेल्या कडेवर दोन इवली पानं उभी होती, आणि खाली केसाएवढी मुळं. बी नाही, खोड नाही, माती नाही, तरी कापलेल्या तुकड्याने जीव धरला होता! एवढ्या वर्षांत माझी भिंगं अशी कधी दिपली नव्हती.

"पानातूनच आलंय," बाई म्हणाल्या. "म्हणजे हे दुसरं रोप नाही, मामा. आईने लावलं तेच आहे."

आता ते माझ्या शेजारी खिडकीत वाढतंय. पाणी बाई स्वतः घालतात, तेही माती चाचपून. मित्रांनो, जाणून घ्यायला पान जरूर कापा, माझ्याखाली ठेवा, थक्क व्हा. पण त्याआधी एक पान मातीवर ठेवा. काचेवरचं पान पुन्हा फुटत नाही.