खंडेनवमीचा खडा

खंडेनवमीला पळसदरीच्या आबाजींच्या घरी पाटावर नांगराचा फाळ, कोयते आणि थोरल्या मालोजीचा साजगावच्या कारखान्यातला पाना मांडला जाई. धाकट्या गजाचं त्यात काहीच नसे. मुंबईच्या प्रयोगशाळेत पोरगा काय उजेड पाडतो, असं आबाजी चारचौघांत विचारत. गजाला ते फार झोंबायचं.

म्हणून त्र्याऐंशी साली त्याने ईर्षेने, साहेबांना न विचारता, प्रयोगशाळेतला खडा डबीत घालून घरी आणला. खडा कसला, काळ्या तिळाएवढा स्फटिक. भट्टीत वाढवलेल्या कितीतरी स्फटिकांत हा एकच निर्दोष निघाला होता. त्यावर लेसरचा झोत मारला की तो पापणी लवायच्या कितीतरी आधी धातूसारखा होई, आणि पाठोपाठ सोडलेल्या दुसऱ्या झोताने तो बदल टिपायचा. मग खडा पुन्हा होता तसा. गजाची नोकरी कायम होणं याच मोजणीवर अडलं होतं.

हे सगळं त्याने वडिलांना हौसेने सांगितलं. "उजेड पडला की ह्यो बदलतो, आबा." तापून निवला की तो तडकतो, हे मात्र सांगायचं राहिलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला एवढंही सुचू नये!

गजा विहिरीवर आंघोळीला गेला, तेवढ्यात आबाजींनी पूजा मांडली. पोराचं हत्यार एवढंसं, फाळाशेजारी कुणाला दिसणार? त्यांनी आपल्या हाताने खडा उचलून निरांजनाच्या काठावर, पार वातीला लागून ठेवला. धाकट्याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच अभिमान वाटत होता.

गजा परतला तेव्हा निरांजन विझून निवलं होतं. काठावर खड्याचे तुकडे पडले होते.

"उजेडात ठेवला रं," आबाजी म्हणाले. "तूच बोललास ना."

गजाला म्हाताऱ्याचा संताप आला, त्याहून स्वतःचा आला. त्याने तुकडे वेचून डबीत भरले.

साहेब रागावले नाहीत, नोकरी मात्र गेली. मालोजीने रदबदली करून त्याला साजगावला आपल्याच कारखान्यात चिकटवलं.

पुढच्या खंडेनवमीला मालोजीच्या पान्याशेजारी गजाचा पाना होता. आबाजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "औंदा धाकट्याचंबी हत्यार हाय. चांगलं हातभर, दिसतंय तरी."

गजाने वाकून नमस्कार केला.