स्कूटीच्या आरशातलं हिरवं

“चाचा, मशीनकडे बघायचं नाही हं,” असं म्हणून ऋतिकाने लॅपटॉपची पाठ माझ्याकडे केली.

ही पोरगी धुळ्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगचं संशोधन करत होती. झाडाच्या खोडाभोवती छातीच्या उंचीवर गोलाकार खिळे ठोकायचे, त्यांवर हातोडी मारायची. आत भरीव असेल तर पडद्यावर हिरवं, पोकळ असेल तर लाल. मुक्ताईनगरच्या रस्त्याला रुंदीकरणात जाणारी झाडं तिला तपासायला मिळाली होती. आणि मशीन खरं की खोटं हे ताडायला माझा कान.

माझा कान गाजलेलाच. कुऱ्हाड उलटी करून खोडावर ठोका द्यायचा, कान लावायचा, निकाल सांगायचा.

“एका चिंचेत मी चौदा घुबडांची शाळा ऐकली,” मी तिला सांगितलं. “हजेरी चालली होती. एक गैरहजर.”

“त्या घुबडस्नी फी कितली व्हती, अन्वरभाई?” ठेकेदार भाईदास म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, त्यांचे ओठ बघून.

कारण तीस वर्षं आरायंत्राजवळ काढून माझे दोन्ही कान कधीच गेले होते. घरात बायकोला, जमीलालाही पत्ता नव्हता. बहिऱ्याने सारखं बोलत राहावं. लोक हसतात, विचारत कुणी नाही.

मग निकाल कसा सांगायचो? ऋतिकाची स्कूटी तिच्या मागेच उभी असायची. तिच्या आरशात पडदा लख्ख दिसायचा. चाळीस झाडं झाली. चाळीसही वेळा मशीनचं आणि माझं एकच मत. पोरगी आनंदाने नाचायची बाकी होती.

एक्केचाळिसावं झाड कडुनिंबाचं होतं. करवत चालवणार होता अतिक, जमीलाचा धाकटा भाऊ. मला विचारल्याशिवाय त्याने आयुष्यात करवत सुरू केली नाही.

“दुल्हेभाई, क्या बोलता झाड?”

आरशात हिरवं होतं. “भरीव,” मी म्हणालो.

वाळवी मुळातून चढते. ठोका पायथ्यापासून द्यायचा, हे अतिकला मीच शिकवलं होतं. पण ऐकूच येत नाही तर वाकायचं कशाला? अर्धा काप झाला नाही तोच झाड बुडातून फिरलं. बुंधा ढोलासारखा पोकळ निघाला. अतिक त्याच्याखालून निघाला नाही.

सहा महिन्यांनी ऋतिका घरी आली, प्रबंधाचं जाडजूड पुस्तक घेऊन. पहिल्याच पानावर माझे आभार होते. “तुमच्या कानामुळेच मशीनवर लोकांचा विश्वास बसला, चाचा. त्या एका झाडाचं तुमच्यासारख्यालाही कळलं नाही, म्हणजे कुणालाच कळलं नसतं.”

माझा धीर सुटला. “मी ऐकलंच नव्हतं, बेटी. एकही झाड नाही. मी ठार बहिरा आहे. तुझ्या स्कूटीच्या आरशात बघून बोललो. अतिकलाही तसंच सांगितलं.”

बहिऱ्याला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही.

ऋतिका हसली. “चाचा, तुमची एकेक गोष्ट! बहिरे असता तर माझ्याशी बोलत कसे बसला असता?” मी तिचे ओठ वाचत होतो. चौदा घुबडं तिला आठवत असणार.

मी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात जमीला दोन कप घेऊन उभी होती. चाळीस वर्षांत माझ्या एकाही गोष्टीवर तिचा विश्वास बसला नव्हता.

तिने एक कप ऋतिकासमोर ठेवला. दुसरा, माझा, घेऊन ती आत परत गेली.