गोदूबाईची जागा

उमरठच्या चढावर दीपकची जीप चिखलात अडली की सगळे उतरून पायी वर जायचे. मागचं एकच चाक जागच्या जागी गरगरायचं, त्यावर वजन हवं, म्हणून जाडजूड गोदूबाई तेवढी मागच्या कोपऱ्यात राणीसारखी पान चघळत बसायची.

यंदा दीपकनं मुंबईहून मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा नवा डिफरन्शल आणून बसवला. "काकी, आता दोन्ही चाकं एकदम ओढतील. कोणी उतरायचं नाय."

"दोन्ही? ती कशी रे?" गोदूबाईला राहवेना. चढाच्या पायथ्याशी ती हट्टानं उतरली नि चाकांकडे टक लावून उभी राहिली. खरंच, चिखल उडवत दोन्ही चाकं जोडीनं फिरली आणि भरलेली जीप वर गेली.

मग गोदूबाई चालू लागली. अर्ध्यावरच धापा टाकत ती दगडावर टेकली.

"अगो बाय, एवढा उभा हाय हा चढ?"