कुलपातलं जालीम औषध

मी अतिदक्षता विभागातलं सगळ्यात जालीम अँटिबायोटिक बोलतोय! माझं नाव काढलं की भलेभले जंतू चळाचळा कापतात. म्हणजे कापत असावेत. कारण माझं सील अजून फुटलेलंच नाही, आणि आजवर मी एक मुंगीसुद्धा मारलेली नाही.

जन्मलो कारखान्यात, चिमूटभर पांढरी भुकटी. शिक्षण म्हणाल तर अंगावरचं लेबल, तेही मला वाचता येत नाही. तेव्हापासून काचेच्या कपाटात कुलूपबंद. खालच्या फळीवरची साधी औषधं रोज कामाला जातात, अन् मी आपला रुसलेल्या जावयासारखा बसून!

गेल्या आठवड्यात मात्र नशीब उघडलं. एका शिक्षिकाबाईंच्या रक्तात जंतू शिरले होते. श्वास यंत्रावर, ताप उतरेना, रक्तदाब घसरत चाललेला. आधी रक्त तपासणीला धाडून डॉक्टरबाईंनी अंदाजानं औषध सुरू केलं होतं, पण ते लागू पडेना.

मुलगा दाराशी हटून बसला. "डॉक्टर, सगळ्यात भारी असेल ते द्या. आई आहे माझी!"

"काढा ते वरचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. सिस्टरनं मला ट्रेमध्ये ठेवलं. मी छाती फुगवली. तेवढ्यात प्रयोगशाळेतून मोबाइलवर फोटो आला. बाईंच्या रक्तातले जंतू थाळीत वाढवून त्यांच्यावर औषधं तपासली होती.

काय सांगू! थाळीभर जंतूंची दाट साय, अन् तिच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या पांढऱ्या टिकल्या. आधीच्या औषधाच्या टिकलीला जंतू लाडानं बिलगलेले. एका जुन्या, साध्या औषधाभोवती मात्र स्वच्छ गोल अंगण. तिथं पाऊल टाकायची एकाची छाती नाही! डोळ्याला न दिसणारा जीव अख्खी बाई आडवी करतो, आणि माझा खालच्या फळीवरचा शेजारी त्याला उंबऱ्याबाहेर थोपवतो?

"हे जुनं द्या, आत्ताच. वरचं परत ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"साधं औषध? माझ्या आईला?" मुलगा उसळला.

"या जंतूला हे पुरतं. भारी औषध उगाच उधळलं तर जंतू त्यालाही सरावतील. मग उद्या दुसऱ्या कुणाच्या आईसाठी मी कपाटात काय शोधू?"

चार दिवसांत ताप उतरला. श्वासाची नळी निघाली. मी पुन्हा कुलपात. माझी मुदत संपत आलीय. बाबांनो, उतावीळपणानं मला बाहेर काढू नका. न वापरताच फेकायची वेळ आली, तर खुशाल टाळ्या वाजवा!

समोर मुलगा आईच्या उशाशी फुशारकी मारतोय, "आई, सगळ्यात भारी औषध द्या म्हणून मी डॉक्टरांशी भांडलो."

बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "भांडणारच. उवा झाल्या म्हणून डोकं उडवायला सांगणारा आहेस तू!"